जुना खेळ, नवें यंत्र

डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सनें स्पेक्ट्रम प्लस हा घरगुती संगणक भारतांत आणला. त्यांतील खेळ कॅसेटवरून भरावे लागत. ते नव्या यंत्रावर उतरविणें म्हणजे नुसती नक्कल नव्हे. पुष्कळ खेळांचा वेग जुन्या प्रोसेसरच्या गतीवर बेतलेला. वेगवान यंत्रावर तींच पात्रें बेभान धांवूं लागतात! मग मुद्दाम विलंब घालावा लागतो. शिवाय त्या पडद्यावर ८ बाय ८ बिंदूंच्या चौकटींत दोनच रंग मावत, म्हणून एका पात्राचा रंग दुसऱ्यावर चढे. हा दोष काढावा, असें आमचा नातू म्हणतो. मी म्हणतों, ठेवावा. चित्रकारानें त्याच अडचणींतून वाट काढीत चित्र रचलेलें आहे. परंतु कॅसेटांवरील चुंबकीय लेप झडत चालला आहे. तेव्हां रंगांचा वाद मागाहून, आधीं खेळ उतरवून घ्यावे.