नळाची वेळ आणि शहराचं अर्थकारण

(अध्यक्षीय भाषण)



अध्यक्षपदाचा मान दिल्याबद्दल मी आपला ऋणी आहे. आभाराचं एवढ्यावर आटोपतो, कारण जेवणानंतरच्या सत्रात श्रोत्यांच्या सहनशीलतेचंही अंदाजपत्रक मर्यादित असतं, हे हिशेबखात्यात हयात घालवलेल्या माणसाला कळतं.

'शहराच्या आर्थिक विकासाचे प्राधान्यक्रम' हा आपला विषय. त्याच्याशी कुणाचंच दुमत नसतं, हीच खरी पंचाईत आहे. कोणत्याही महापालिकेचं अंदाजपत्रकीय निवेदन उघडा. आयटी पार्क, पर्यटन, नदीकाठ, कौशल्यविकास, स्टार्टअप, उड्डाणपूल, सगळ्यांनाच 'सर्वोच्च प्राधान्य' दिलेलं असतं. मग ज्याला खरोखर पैसे द्यायचे नसतात, त्याच्यासमोर टोकन तरतूद टाकली जाते. त्यानं लेखाशीर्ष जिवंत राहतं आणि माणसंही नाराज होत नाहीत. पण क्रम लावायचा म्हणजे कुणाला तरी 'तुमचं काम यंदा नाही' असं तोंडावर सांगावं लागतं. हे सांगण्याचं धैर्य नसलं की मार्चअखेर पैसे वाटून टाकले जातात आणि आपण त्यालाच नियोजन म्हणतो.

मला आज एकच गोष्ट मांडायची आहे. नव्या उद्योगांसाठी पायघड्या घालण्याआधी महापालिकेनं, शहरात जे आधीपासून राबताहेत त्यांना कमाई करताना सोसावा लागणारा खर्च कमी करावा. हा खर्च पैशांचा असतो, वेळेचा असतो आणि बराचसा महापालिकेच्याच कारभारातून आलेला असतो.

आधी कायदा पाहू. 74वी घटनादुरुस्ती 1 जून 1993 रोजी अमलात आली. तिच्यासोबत आलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांकडे सोपवता येतील असे 18 विषय आहेत आणि त्यांतला तिसराच 'आर्थिक व सामाजिक विकासाचं नियोजन' हा आहे. पण आपल्या महापालिकांच्या खातेवाटपात हा विषय शोधायला गेलात तर सापडत नाही. परवाना विभाग आहे, मंडई विभाग आहे, भूमी व मालमत्ता विभाग आहे, अतिक्रमण विभाग आहे. अर्थकारणाचे तुकडे चार टेबलांवर विखुरलेले आणि ते जोडून पाहण्याची जबाबदारी कुणाचीच नाही. दुसरीकडे, औद्योगिक वसाहती 1962 पासून एमआयडीसीकडे आहेत, उद्योगांच्या सवलती मंत्रालयाकडे आणि मोठे कर दिल्लीकडे. तेव्हा महापालिकेनं गुंतवणूक परिषद भरवणं हे दुसऱ्याच्या शेताला कुंपण घालण्यासारखं आहे. तिचं स्वतःचं शेत महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 63 मध्ये आखून दिलेलं आहे. पाणी, मैला, रस्ते, दिवे, बाजार ही तिची बंधनकारक कर्तव्यं. माझ्या मते तिचं आर्थिक धोरणही यातच आहे.

आपण सोलापुरात जमलो आहोत, म्हणून इथलंच उदाहरण घेतो. 1877 साली सुरू झालेल्या जुन्या गिरणीनं या गावाला गिरणगाव केलं. पुढे गिरण्या एकेक करून थांबल्या. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात लक्ष्मी-विष्णू गिरणीही बंद पडली. पण शहर बंद पडलं नाही. पुरुष यंत्रमागावर गेले, बाया विड्यांवर बसल्या. चादर-टॉवेलनं नाव टिकवलं, चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं, गणवेश शिवणारे कारखाने वाढले. हे सगळं कोणत्याही महापालिकेच्या योजनेशिवाय झालं. गिरणी गेल्यावर या शहराची पोटं ज्यांनी भरली, त्यात पूर्वभागातल्या तेलुगू भाषिक पद्मशाली कुटुंबांतल्या बायांचा वाटा फार मोठा आहे.

आता त्यांतल्याच एका विड्या वळणाऱ्या बाईचा एक दिवस पाहा. कारखान्याच्या ब्रँचमधून आणलेली तेंदूपानं आदल्या रात्री ओली करून पोत्यात गुंडाळून ठेवायची. सकाळी पत्र्याचा साचा ठेवून कात्रीनं पान कापायचं, सुपात तंबाखू घेऊन वळत बसायचं, दोरा गुंडाळायचा, जुड्या बांधायच्या. दुसऱ्या दिवशी ब्रँचमध्ये तपासणी होते. तपासणारा ज्या बाजूला काढेल त्या गेल्याच. मजुरी हजारावर मिळते, त्यामुळे तिचा हात थांबला की मजुरी थांबली. आणि हा हात कशानं थांबतो? नळाला पाणी येण्यानं. या शहरात गेली कित्येक वर्षं पाणी तीन, चार, कधी पाच दिवसांआड येतं. ज्या दिवशी येतं त्या दिवशी ते पहाटे येईल की रात्री, हे चावीवाल्याला माहीत. पाणी आलं की घरातल्या बाईनं पिंप, हौद, घागरी भरत बसायचं. शेजारची मोटर लागली की धार बारीक होते, मग आणखी तासभर. त्या दिवशी हजाराऐवजी सहाशे-सातशे विड्या झाल्या, तर ही मजुरी कोणी बुडवली? आपल्या एकाही हिशेबवहीत ती दिसत नाही. तरी हा करच आहे, शहरातल्या सर्वांत गरीब उत्पादकावर बसवलेला आणि महापालिकेच्या तिजोरीत एक पैसाही न येणारा कर.

यंत्रमागवाल्याचंही तेच. सूत रंगवायला पाणी लागतं. नळ नसेल तर बोअर, बोअर आटला की टँकर. टँकरचं भाडं टॉवेलच्या किमतीत चढतं आणि बाजारात टॉवेल मागे पडतो. मग आपण चर्चा करतो की आपला वस्त्रोद्योग स्पर्धेत का टिकत नाही.

सोलापूरला पाणी तीन ठिकाणांहून मिळतं: उजनीवरून थेट जलवाहिनीनं, भीमेवरच्या टाकळी योजनेतून आणि हिप्परग्याच्या तलावातून. उजनीची दुसरी, समांतर जलवाहिनी हा इथला कित्येक वर्षांचा आशेचा विषय राहिला आहे आणि ती हवीच होती. उजनीतून नदीत सोडलेलं पाणी औज बंधाऱ्यापर्यंत पोचेपर्यंत वाटेतच किती जिरतं, हे सगळ्यांना माहीत आहे. पण शहराच्या वेशीपर्यंत आलेलं पाणी घरोघरी वेळेवर जायला टाक्या लागतात, आतल्या वाहिन्या बदलाव्या लागतात, गळती शोधावी लागते, मीटर लागतात. मोठ्या जलवाहिनीचं लोकार्पण होतं. गल्लीतल्या व्हॉल्व्हचं कोणी लोकार्पण करत नाही. आपले प्राधान्यक्रम नकळत इथेच ठरतात. जिथे फीत कापता येते तिथे भांडवली तरतूद होते आणि देखभालीला उरलंसुरलं मिळतं.

याच शहरात दीर्घकाळ दुसरा एक वाद गाजला. होटगी रस्त्यावरच्या विमानतळाला सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी आड येत होती. 'विमान की चिमणी' यावर घरं फुटली, मोर्चे निघाले. जून 2023 मध्ये महापालिकेनं ती चिमणी पाडली आणि जून 2025 मध्ये गोव्याची विमानसेवा सुरू झाली. विमान नको असं मी म्हणत नाही. ऊस घालणारे सभासद आणि विमान मागणारे व्यापारी, दोघांच्याही बाजूला तथ्य होतं. मला खटकतं ते एवढंच, की त्या वादाला जितकी शाई, जितकी भाषणं, जितका राजकीय जीव मिळाला, त्याचा चौथा हिस्साही पाण्याच्या वेळापत्रकाच्या वाट्याला आला नाही. विमानात बसणाऱ्याची आर्थिक निकड सभागृहाला पटकन दिसते. विड्या वळणारीची दिसत नाही, कारण ती निवेदन घेऊन येते तेव्हा आपण तिला पाणीपुरवठा विभागाकडे पाठवतो, आर्थिक विकासाच्या बैठकीला बोलावत नाही.

आता पैशाकडे येतो. जकात होती तेव्हा नाक्यावर मालमोटारींच्या रांगा लागत, तिथल्या भानगडींवर तर वेगळी परिषद भरवावी लागेल. जकात गेली हे बरंच झालं. पण तिच्यात एक गुण होता. शहरात माल आला-गेला, बाजार वाढला, की महापालिकेला त्याच आठवड्यात कळत असे. पुढे स्थानिक संस्था कर (एलबीटी) आला, तोही सरला. 1 जुलै 2017 पासून जीएसटी आल्यावर महापालिकांना राज्याकडून भरपाई मिळू लागली. 2016-17 हे पायाभूत वर्ष धरून दरवर्षी 8 टक्क्यांनी वाढणारी. म्हणजे शहरातला व्यापार दुप्पट झाला तरी 8 टक्के आणि निम्मा झाला तरी 8 टक्के. गावाचं अर्थकारण फुलतंय की वाळतंय, याची खबर आता तिजोरीपर्यंत पोचतच नाही. उरतो मालमत्ता कर, आणि त्याची फेरआकारणी म्हटलं की सभागृहात सर्वपक्षीय एकजूट होते.

त्यातून दुसरी सवय लागते. स्वतःचा पैसा बांधील खर्चात, पगार-निवृत्तिवेतनात संपतो. मग ज्या योजनेचं अनुदान वरून येतं, तोच आपला प्राधान्यक्रम. अमृत आली की जलवाहिनी, नगरोत्थान आली की रस्ते, स्मार्ट सिटी आली की एलईडी आणि चौक सुशोभीकरण. स्मार्ट सिटीच्या जानेवारी 2016 च्या पहिल्या वीस शहरांत पुणे आणि सोलापूर दोन्ही होती. कामं झाली नाहीत असं नाही. पण कोणती कामं आधी, हा निर्णय स्वतंत्र कंपनीच्या संचालक मंडळात गेला आणि सभागृहाकडे फक्त स्वहिस्सा भरण्याचं काम उरलं. त्यावर कडी म्हणजे 2022 पासून अनेक महापालिकांत वर्षानुवर्षे प्रशासकांचाच कारभार राहिला. ज्याला मतं मागायची नाहीत त्यानं क्रम लावायचा, आणि ज्याला मतं मागायची आहेत त्यानं बाहेरून निवेदनं द्यायची.

यातून बाहेर पडण्याच्या वाटा नाहीत का? आहेत, आणि महागड्याही नाहीत. पुण्यात 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. पुढे कचरावेचकांच्या 'स्वच्छ' सहकारी संस्थेशी महापालिकेनं करार केला. घरोघरचा कचरा उचलणं हे महापालिकेचं बंधनकारक काम; ते करताना उकिरड्यावर हात घालणाऱ्या बायांना ओळखपत्र आणि घरामागे ठरलेलं शुल्क मिळालं. त्या करारावरून पुढे वाद झाले, मुदतवाढीसाठी आंदोलनंही झाली. तरी धडा स्वच्छ आहे: बंधनकारक कर्तव्य कोणाकडून करून घ्यायचं हे ठरवणं, हाच रोजगाराचा निर्णय असतो.

फेरीवाल्यांचा कायदा 2014 चा. त्यात शहर फेरीवाला समिती आहे, तिच्यात किमान 40 टक्के प्रतिनिधी फेरीवाल्यांचे, दर पाच वर्षांनी सर्वेक्षण, विक्री क्षेत्रांची आखणी. याला पैसा फारसा लागत नाही. रंगाचा डबा आणि निर्णयाची हिंमत लागते. पण आजही शहरातल्या सर्वाधिक उद्योजकांशी रोजचा संबंध असलेला महापालिकेचा विभाग म्हणजे अतिक्रमण विभाग! त्याची गाडी येते तेव्हा भाजीवाली टोपलं उचलून पळते आणि तो दिवस बुडतो. 2020 मध्ये आपणच तिला स्वनिधी योजनेतून 10,000 रुपयांचं कर्ज मिळवून दिलं. ते फेडायला तिला रोज त्याच जागी बसता आलं पाहिजे, एवढं तरी आपल्या दोन विभागांनी आपसात बोलून घ्यावं.

उलट दिशेचं उदाहरण इचलकरंजीचं. यंत्रमागांनी ते गाव श्रीमंत केलं, पण प्रोसेसिंगच्या सांडपाण्याकडे वेळेवर लक्ष गेलं नाही. पंचगंगा नासली, शहराला कृष्णेवरून पाणी आणावं लागलं, आणि नव्या स्रोताचा वाद अजून धुमसतो आहे. मैलापाण्याची तरतूद पुढच्या वर्षावर ढकलली की ती व्याजासकट परत येते.

एक आक्षेप मला ऐकू येतो आहे. 'इंजिनिअर झालेली आमची पोरं पुण्याला जातात. त्यांना तुम्ही नळाची वेळ सांगणार का?' आक्षेप खरा आहे. नुसत्या पाण्यानं ती पोरं थांबणार नाहीत. त्यासाठी राज्यालाही पुणे-मुंबईबाहेर पाहावं लागेल. पण ज्या कंपनीला आपण बोलावतो आहोत तीही आधी पाणी, ड्रेनेज आणि कामगारांसाठी बस आहे का, हेच विचारते. सोलापूरजवळ कुंभारीच्या रे नगरात 30,000 घरांची वसाहत उभी राहते आहे. तिथून शहरात कामाला यायला वेळेवर बस नसेल तर ते घर कामगाराला महाग पडेल. परिवहनचा तोटा आपण दरवर्षी मोजतो. बस नसल्यामुळे बुडालेली मजुरी मात्र कुणी मोजत नाही.

तेव्हा या परिषदेनं ठरावात काही नेमक्या गोष्टी मागाव्यात. अंदाजपत्रकात प्रत्येक नव्या भांडवली कामासोबत त्याच्या पुढच्या दहा वर्षांच्या देखभालीचा खर्च छापावा; तो भागवता येत नसेल तर काम पुढे ढकलावं. दरवर्षी तीनच कामांना प्राधान्य जाहीर करावं आणि त्यांच्यासाठी कोणती कामं मागे ठेवली, त्यांची यादी नावानिशी द्यावी. पाण्याचं प्रभागवार वेळापत्रक आधी जाहीर करावं आणि ते किती वेळा चुकलं याचा आकडा स्थायी समितीपुढे दर महिन्याला ठेवावा. नवी वाहिनी पडायला वर्षं लागतील, पण वेळ पाळायला उद्यापासून सुरुवात करता येते. परवाना, मंडई, गाळे आणि फेरीवाले एका उपायुक्तांच्या हाताखाली आणावेत. आणि राज्याकडे मागणी करावी की जीएसटी भरपाईचा काही भाग त्या शहरातल्या प्रत्यक्ष व्यवहाराशी जोडावा, म्हणजे आपल्या गावाचं बरं-वाईट आपल्या तिजोरीला पुन्हा कळू लागेल.

यातल्या कशासाठीही नवा कायदा लागत नाही, शेवटच्या मागणीचा अपवाद सोडून. लागतो तो नकार देण्याचा सराव. येत्या अंदाजपत्रकात आपल्यापैकी प्रत्येकानं आपापल्या शहरात किमान एका फीत कापण्याजोग्या कामाला 'यंदा नाही' म्हणावं, आणि तो पैसा टाक्या, व्हॉल्व्ह आणि गळतीकडे वळवून दाखवावा. पुढच्या अधिवेशनात त्याचा हिशेब घेऊन या. भाषण कोणी करू नये, आकडे वाचावेत.