मंडळीचा आधार
१८९५ साली नारायण वामन टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तेव्हा घर, जात, काही वर्षे तर पत्नी लक्ष्मीबाईही, सारेच त्यांना दुरावले. नवख्रिस्ती माणसाची अडचण केवळ श्रद्धेची नसते. सणावारी कोणाच्या ओसरीवर बसावे, हीही असते. ही उणीव मंडळीनेच भरून काढावयाची. परंतु विलायती चालींवर गाताना मराठी मन गुडघे टेकीलच, असे नाही. टिळकांनी म्हणून मराठी वळणाची भजने रचली, ख्रिस्ती कीर्तन रुजविले. १९१७ साली त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापिला. तेथे बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांसही स्थान होते. दोनच वर्षांनी ते निवर्तले. त्यांची भजने मराठी मंडळ्यांत आजही गाइली जातात.