'उन्हाळी' : एका घरगुती शब्दाविषयी
(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषणाचा संक्षेप)



मी वैद्य नव्हे, मराठीचा अध्यापक. म्हणून आरंभ एका शब्दापासून करतो. लघवीला जळजळ होऊ लागली की आपल्या आजी-आत्या म्हणत, 'उन्हाळी लागली.' माळव्यात पिढ्यान्‌पिढ्या राहूनही आपल्या घरांनी हा शब्द जपला. पण त्या शब्दातच निदान ठरून गेले होते : दोष उन्हाचा आणि उतारा धण्या-जिऱ्याच्या पाण्याचा.

माझ्या थोरल्या बहिणीला सातव्या महिन्यात उन्हाळी लागली. दवाखान्यात संकोचाने ती हिंदीत एवढेच म्हणाली, 'गरमी हो गयी है.' थंड पेये घेण्याचा सल्ला मिळाला. आठवड्याभरात हुडहुडी भरून ताप आला, कुशीत कळा उठल्या. बहीण वाचली, अपुऱ्या दिवसांचे बाळ मात्र हाती लागले नाही.

गरोदरपणी मूत्रवाहिन्या सैलावतात, वाढत्या गर्भाशयाचा त्यांवर दाब येतो, मूत्र साचते आणि जंतूंना वाढीस अवकाश मिळतो. शंभरांतील दोन ते दहा गर्भवतींच्या मूत्रात असे जंतू कोणतेही लक्षण नसताना आढळतात. बोस्टनचे डॉ. एडवर्ड कास यांनी १९५० च्या दशकात त्यांची मोजदाद शास्त्रशुद्ध केली. एका मिलिलिटरमध्ये १,००,००० जंतू ही त्यांची मर्यादा आजही प्रमाण मानतात. उपचारांवाचून अशा वीस-तीस टक्के स्त्रियांच्या मूत्रपिंडापर्यंत दाह पोहोचू शकतो. मग मातेच्या जिवाला धोका, आणि प्रसूती अकाली होण्याचेही भय.

उपाय मात्र साधा आहे. सुरुवातीच्या तपासणीतच मूत्राचे कल्चर करावे. जंतू आढळल्यास डॉक्टरांनी दिलेल्या प्रतिजैविक गोळ्या, बहुधा चार ते सात दिवस, पूर्ण घ्याव्यात आणि मूत्र पुन्हा तपासावे. घरात उरलेली गोळी मात्र घेऊ नये. टेट्रासायक्लिनसारख्या औषधाने बाळाच्या दातांवर कायमचे डाग पडतात.

'उन्हाळी' हा शब्द टाकून द्या, असे मी म्हणणार नाही. धण्याचे पाणीही खुशाल द्यावे. पण लेक-सून हा शब्द कुजबुजली, तर त्याच दिवशी तिच्यासोबत दवाखान्यात जावे, आणि कितवा महिना, जळजळ कुठे, ताप किती, हे तेथल्या भाषेत स्वच्छ सांगावे. शंभर वर्षे शब्द सांभाळणाऱ्या या वास्तूत एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.