उचलीपायी पोरगी ठेवून घेता येत नाही



दसरा जवळ आलाय. मुकादमांच्या चकरा सुरू झाल्यात. बीड, धाराशिव, जालन्याकडच्या किती घरांना आता कुलूप लागणार, हे आम्ही तुम्हाला काय सांगावं! कुणी सांगली-कोल्हापूरला जाईल, कुणी थेट कर्नाटकात. पावसानं दगा दिला, रानात काही उरलं नाही, म्हणून गाव सुटतं. हौसेनं कोण कोपीत राहतंय?

गेल्या हंगामात आमच्या गटातली एक बाई परत आली, तेव्हा तिची चौदा वर्षांची पोरगी सोबत नव्हती. नवरा आजारी पडला, खाडे झाले, उचल फिटली नाही. मुकादम म्हणाला, "पैसे आणा आन् पोरगी घेऊन जा. तोवर आमच्या घरची भांडी घासंल." बाई आम्हाला म्हणाली, "अंगठा दिलाय. आता कुठल्या तोंडानं बोलू?" खरं सांगायचं तर आम्हालाही तेव्हा तसंच वाटलं. घेतले पैसे तर फेडायला नकोत का?

तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीच्या वकीलबाईंनी आमचे डोळे उघडले. 1976 चा वेठबिगारीविरुद्धचा कायदा आहे. उचलीपायी माणसाला अडकवून राबवणं, गावी जाऊ न देणं, दुसरीकडं काम करू न देणं ही वेठबिगारीच. असलं कर्ज कायद्यानं रद्द होतं, मग अंगठा असो की सही. आणि हे कर्ज वेठबिगारीचं नाही, हे सिद्ध करायचं काम पैसे देणाऱ्याचं, आपलं नाही. हे ऐकून ती बाई पहिल्यांदा ताठ बसली.

आम्ही सातजणी प्रांतसाहेबांकडं लेखी अर्ज घेऊन गेलो. दोन चकरा वाया गेल्या, तिसऱ्या वेळी दारातच बसलो. पाचव्या दिवशी पोरगी घरी आली. रात्री ती कुणाला अंगाला हात लावू देत नव्हती. त्याचा गुन्हा वेगळा नोंदवलाय, त्यावर इथं जास्त बोलत नाही.

माणसाला धाकानं, फसवून किंवा पैशाच्या लोभानं शोषणासाठी नेणं, ठेवून घेणं म्हणजे मानवी तस्करी. भारतीय न्याय संहितेचं कलम 143 त्यासाठी आहे. "ती राजीखुशीनं आली होती," ही सबब तिथं चालत नाही. अठराच्या आतलं लेकरू असेल तर शिक्षा दहा वर्षांच्या खाली नाही. परमुलखात असाल तर जवळच्या कुठल्याही ठाण्यात जा. "आमची हद्द नाही" म्हणून परत पाठवता येत नाही, झिरो एफआयआर घ्यावाच लागतो. बाईला सरकारी वकील फुकट मिळतो, मिळकत कितीही असो. त्यासाठी फोन 15100. लेकरासाठी 1098, बाईसाठी 181, पोलिसांसाठी 112. नंबर मोबाइलमध्ये नको, कोयत्याच्या मुठीला चिकटवा म्हणतो आम्ही. मोबाइल मुकादम काढून घेतो.

यंदा निघणाऱ्या प्रत्येक जोडीची नोंद आम्ही गटाच्या वहीत करतोय. उचल किती, मुकादम कोण, कारखाना कोणता, सोबत लेकरं किती. येत्या मंगळवारी दुपारी समाजमंदिरात बसू. अंगठा देण्याआधी या.