लाकडाचा देव आणि माणसाचा पोतराज

पश्चिम आफ्रिकेतील आयव्हरी कोस्ट देशात बाउले नावाचे लोक राहतात. रानातील एखादा आत्मा माणसास छळू लागला, म्हणजे जाणत्याच्या सल्ल्याने त्याची लाकडी मूर्ती कोरून घेण्याची त्यांची चाल आहे. रानातला आत्मा ओबडधोबड, म्हणून त्याचे आसन मुद्दाम देखणे करावयाचे. केसांची रचना, अंगावरील नक्षीचे व्रण, सारे रेखीव असते. तिला अंडे व कोंबडे यांचा भोग मिळतो. युरोप-अमेरिकेच्या संग्रहालयांत या मूर्ती कलाकृती म्हणून मांडलेल्या आढळतात. परंतु त्यांचा मूळ हेतू निराळा : आत्म्यास बसावयास लाकूड मिळावे आणि माणसाची पीडा टळावी.

धाराशिव जिल्ह्यातील उमरगे हे गाव सोलापूर-हैदराबाद हमरस्त्यावर वसले आहे. 1956 सालापर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात, पुढे राज्यात, मोडत असे. कर्नाटकाची सीमा लागूनच आहे आणि तेलुगु प्रांतही फार दूर नाही. त्या तेलुगु प्रांतात ग्रामदेवीचा भाऊ आणि राखणदार म्हणून पोतुराजू पूजिला जातो. देवळापुढे रोवलेला लाकडी खांब, क्वचित दगड, हेच त्याचे रूप. मराठी 'पोतराज' हा शब्द अभ्यासक याच नावाशी जोडतात.

मात्र मराठी मुलखात त्या खांबाच्या जागी माणूस उभा राहिला. तेलंगणातही बोनालूच्या उत्सवात अंगाला हळद माखलेला पोतुराजू चाबूक घेऊन नाचतो. पण उत्सव सरला की तो घरी परततो. मराठी पोतराजाचे तसे नव्हते. मूल जगावे म्हणून मरीआईला नवस केला जाई आणि तेच मूल देवीस वाहिले जाई. त्याचे केस कापावयाचे नाहीत. कमरेस रंगीत खणांचे वस्त्र, पायांत घुंगरू, हातात कोरडा. मंगळवारी, शुक्रवारी त्याने दारोदार फिरावे, स्वतःच्या अंगावर फटके ओढावे आणि सुपातले मूठभर जोंधळे झोळीत घ्यावे. हे दान बहुधा महार व मांग यांच्याच घरांतून दिले गेले, ही गोष्ट विसरता येत नाही. 1956 साली नागपुरास झालेल्या धर्मांतरानंतर अनेक कुटुंबांनी मरीआईची सेवा सोडली. पार्थ पोळके यांच्या 'आभरान' या आत्मकथनाने पोतराजाच्या घरातील हाल सुशिक्षित वाचकांपुढे ठेवले.

लोककला म्हणून पोतराजाचा वेश, त्याचे घुंगरू आणि त्याची गाणी यांची नोंद अवश्य व्हावी. परंतु ही चाल टिकावी असे ज्यांना वाटते, त्यांनी बाउले लोकांच्या त्या मूर्तीकडे एकवार पाहावे. लाकडाला फटका लागत नाही, भूक लागत नाही, शाळाही बुडत नाही. दैवतास देह हवाच असेल, तर तेवढे लाकूड पुरेसे आहे.