पोटरी धरते तेव्हा



जानेवारी 1964. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात 82 वर्षांच्या एक बाई रुग्णालयात होत्या. पायाची बोटं काळी पडलेली, जखम भरत नव्हती. पाय कापावा लागेल असं डॉक्टर सांगत होते आणि बाई काही केल्या तयार होत नव्हत्या. शेवटी चार्ल्स डॉटर या क्ष-किरणतज्ज्ञांनी मांडीच्या धमनीत एकीपेक्षा एक जाड नळी सरकवली आणि चोंदलेली वाट मोकळी केली. गार पडलेला पाय ऊबदार झाला. आठवड्याभरात कळा थांबल्या.

पायाच्या धमन्या चोंदण्याचा हा आजार सुरू होतो तो मात्र अगदी साधेपणाने. चालताना पोटरी धरते, उभं राहिलं की सुटते. जर्मनीत याला दुकानाच्या काचांचा आजार म्हणतात. सारखं थांबायचा संकोच वाटतो, म्हणून रुग्ण काचेतल्या वस्तू न्याहाळत असल्यासारखा उभा राहतो. आपल्याकडे ‘वय झालं’ म्हणून विषय संपतो. मग मंडई सुटते, देवळाच्या पायऱ्या सुटतात, लग्नकार्याला जाणं सुटतं.

उपचारांनी यातलं किती परत मिळतं?

अमेरिकेत 2012 साली प्रसिद्ध झालेल्या ‘क्लेव्हर’ या अभ्यासात कमरेखालची मोठी धमनी आकसलेले 111 रुग्ण होते. काहींना स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी जाळी, बसवला, काहींकडून देखरेखीखाली चालण्याचा व्यायाम करून घेतला, तर काहींना नुसती औषधं दिली. सहा महिन्यांनी ट्रेडमिलच्या पट्ट्यावर जास्त वेळ चालले ते व्यायामवाले. पण ‘रोजचं जगणं कसं आहे?’ असं विचारल्यावर काही बाबतींत स्टेंटवाले अधिक समाधानी निघाले. नुसत्या औषधांवर असलेल्यांपेक्षा दोघेही पुढे होते.

हा व्यायाम म्हणजे सकाळची रपेट नव्हे. पोटरी चांगली दुखेपर्यंत चालायचं, बसायचं, कळ ओसरली की पुन्हा उठायचं. आठवड्यातून 3 दिवस, निदान 12 आठवडे. त्याच्या जोडीला तंबाखू, विडी, सिगारेट कायमची बंद आणि साखर ताब्यात.

पाय जायची वेळ आली असेल, तर गणित बदलतं. 2022 सालच्या ‘बेस्ट-सीएलआय’ अभ्यासात 1,830 रुग्ण होते. ज्यांच्या स्वतःच्या पायातली शीर चांगली होती, त्यांना धमनीत नळी सरकवून केलेल्या उपचारापेक्षा बायपास शस्त्रक्रिया अधिक लाभली. म्हणून संमतिपत्रावर सही करण्याआधी घरच्यांनी डॉक्टरांना जरूर विचारावं: यानंतर आमचे बाबा कुठवर चालतील?

पोर्टलंडच्या त्या बाई पुढे सुमारे अडीच वर्षं जगल्या. शेवटपर्यंत स्वतःच्या दोन पायांवर चालत.