कोनाड्यातलं अमेरिकन घड्याळ

(वसंत व्याख्यानमालेतील तिसरे पुष्प)



घड्याळांचा संग्रह म्हटलं की आपल्या नांदेड-लातूर भागातल्या माणसाला हैदराबादचं सालारजंग म्युझियम आठवतं. तिथल्या घड्याळातून दर तासाला बाहेर येऊन टोले देणारा तो छोटा माणूस बघायला आपल्यापैकी बरेच जण त्या गर्दीत उभे राहिले असतील. आज विषय त्या घड्याळाचा नाही. नवाबी घड्याळांची काळजी घ्यायला तेव्हा नोकरचाकर होते, आज संग्रहालय आहे. मला बोलायचंय ते वीत-सव्वा वीत उंचीच्या लाकडी अमेरिकन घड्याळांबद्दल. फळीवर, फडताळावर किंवा कोनाड्यात ठेवायची ही स्वस्तातली घड्याळं. ती जमवणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे: घड्याळांना नवंकोरं करण्याचा सोस सोडा. त्यांच्या अंगावरच्या खुणा जपल्या, तरच तो संग्रह.

आधी ही घड्याळं स्वस्त का झाली ते पाहू. अमेरिकेच्या ईशान्येला कनेक्टिकट नावाचं लहानसं राज्य आहे. १८०७ साली तिथल्या एलाय टेरी या कारागिरानं ४,००० घड्याळांची यंत्रं तीन वर्षांत बनवून देण्याचा करार केला. तोवर घड्याळजी मागणी आली की एखाद-दुसरं घड्याळ करून द्यायचा. टेरीनं पाणचक्कीच्या जोरावर एकसारखी लाकडी चाकं कापली आणि करार पुरा केला. त्याच्याबरोबर काम करणारा सुतार सेथ थॉमस पुढे स्वतःच कारखानदार झाला.

पण लाकडी चाकं दमट हवेत फुगत, समुद्रप्रवास त्यांना सोसत नसे. १८३०च्या दशकाच्या अखेरीस चौन्सी जेरोमनं पितळी पत्र्यातून चाकं ठोकून काढणारं स्वस्त यंत्र आणलं आणि १८४२ साली इंग्लंडला माल धाडला. त्यानंच पुढे आत्मचरित्रात लिहिलेली गंमत ऐका. बिलातली किंमत इतकी कमी, की जकातवाल्यांना वाटलं, हा कर चुकवतोय. नियम असा की संशय आला तर बिलाच्या रकमेवर दहा टक्के चढवून सरकारनंच माल घ्यायचा. सरकारनं घेतला! गिऱ्हाईक न शोधता रोख पैसे हातात आले. जेरोमनं दुसरी खेप धाडली, तीही सरकारनंच घेतली. तिसऱ्या खेपेला जकातवाले शहाणे झाले.

आता ही घड्याळं लहान का झाली? आधीच्या घड्याळांत दोरीला टांगलेली वजनं हळूहळू खाली उतरत आणि त्यावर चाकं फिरत. वजनाला उतरायला जागा हवी, म्हणून त्या काळच्या ठरावीक पेटीची उंची २६ इंच. पोलादी स्प्रिंग स्वस्त झाली आणि ही उंची लागेनाशी झाली. मग नऊ ते बारा इंचांची ‘कॉटेज’ घड्याळं निघाली, देवळाच्या शिखरासारख्या टोकदार ‘स्टीपल’ घड्याळांच्या छोट्या आवृत्त्या निघाल्या. सेथ थॉमस, अँसोनिया, वॉटरबरी, न्यू हेवन, इंग्राहम, गिल्बर्ट ही त्या धंद्यातली मोठी नावं.

हा माल आपल्यापर्यंत यायची वाट रुळांनी सोपी केली. हैदराबाद-मनमाड लोहमार्ग नांदेडवरून गेला तो विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर. लातूरला बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी १९११ साली पोचली. मुंबईचा माल निजामाच्या हद्दीत शिरताना करोडगिरीच्या नाक्यावर जकात भरायची आणि पुढे निघायचं.

गाडीबरोबर मिनिटंही आली. सूर्याच्या हिशेबानं नांदेड भारतीय प्रमाणवेळेच्या सुमारे २१ मिनिटं मागं आहे आणि लातूर सुमारे २४ मिनिटं, म्हणजे चक्क एक घटका मागं. प्रमाणवेळ लागू झाली १ जानेवारी १९०६ला. त्याआधी रेल्वे मद्रासच्या वेळेवर धावत असे. मुंबई शहरानं तर १९५५पर्यंत ३९ मिनिटं मागची आपली वेगळी वेळ सोडली नव्हती. १९१७ साली लातूरला गंजगोलाई ही बाजारपेठ उभी राहिली. तिथल्या अडत्याला गाडी गाठायची तर स्टेशनची वेळ, घरात लग्न असेल तर गुरुजींचं घटिकापात्र, आणि शेतावर गेला की डोक्यावरचा सूर्य. अशा घरात पहिलं घड्याळ आलं तेव्हा ते कोणत्या वेळेला लावलं असेल, हा प्रश्न मला त्याच्या किमतीपेक्षा मोठा वाटतो.

माझ्याकडचं एक घड्याळ सांगतो. उंची साडेनऊ इंच. पेटीवर शिसवीसारख्या लाकडाचा पातळ पापुद्रा, खालच्या काचेवरचं चित्र अर्धं उडालेलं. दार उघडलं की आत मागच्या फळीला चिकटवलेलं छापील लेबल. कसरीनं त्याचा निम्मा भाग खाल्लाय, पण सेथ थॉमसचं नाव आणि ‘प्लायमाउथ हॉलो’ हे गाव वाचता येतं. या गावाचं नाव पुढे त्याच्याच नावावरून थॉमस्टन झालं, त्यामुळे प्लायमाउथ हॉलोचं लेबल साधारण १८६५पूर्वीचं धरतात. काही कंपन्यांच्या लेबलांवर तळाला हार्टफर्डच्या एलिहू गीअर या छापखानेवाल्याचा पत्ता असतो. त्यानं जागा बदलल्या, म्हणून नुसत्या पत्त्यावरूनही जाणकार काळ ठरवतात.

आता यंत्र बाहेर काढू. पितळी पत्र्यावर टोकदार अवजारानं ओरखडून उर्दूत १३४५ लिहिलंय. हा निजामाच्या राज्यात चालणारा फसली सन. त्यात ५९० मिळवा, १९३५ येतं. दुरुस्ती करणारा घडीसाज आपली तारीख अशी टाकून ठेवतो, जगभर ही रीत आहे. त्याच्याखाली दुसऱ्या हातानं देवनागरीत १९६१. म्हणजे एका पत्र्यावर निजामाचं राज्य आणि नुकताच झालेला महाराष्ट्र, दोन्ही आहेत. हाच पत्रा चिंच लावून, ब्रासो मारून लखलखीत केला असता तर? घड्याळ दिसलं असतं छान, आणि आपल्या मुलखाशी त्याचा संबंध पुसला गेला असता.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. घरातलं करडईचं तेल यंत्रात घालू नका. ते हवेत वाळतं आणि वार्निशसारखं घट्ट होतं. मग चाकं अडकतात आणि दोष घड्याळावर येतो. घड्याळाचंच तेल वापरा, तेही चाकांच्या आसांच्या टोकांना थेंबभर. चावी भरलेली असताना यंत्र खोलू नका, सुटलेली स्प्रिंग बोट फाडते. घड्याळ मागं पडतं म्हणूनही लगेच खोलू नका. विषुववृत्ताकडे येताना गुरुत्वाकर्षण किंचित कमी होतं, त्यामुळे कनेक्टिकटमध्ये बिनचूक लावलेलं लोलकाचं घड्याळ नांदेडला रोज साधारण सव्वा मिनिट मागं पडेल. त्यात आपला उन्हाळा. तारेचा लोलक उष्णतेनं लांबतो आणि दर अंशाला दिवसाकाठी अर्धा सेकंद जातो. लोलकाच्या चकतीखालचा नट थोडा वर फिरवला की काम झालं.

विकत घेताना सावध राहा. मोठ्या शहरांच्या जुन्या बाजारांत एकाची पेटी, दुसऱ्याचं यंत्र आणि काल छापलेली तबकडी असं जोडकाम भरपूर चालतं. मागच्या फळीवर स्क्रूची रिकामी भोकं दिसली तर समजा, आधी इथं दुसरं यंत्र होतं. चावीचं भोक आणि चावीची दांडी एका रेषेत येत नसेल तर तबकडी परकी. अमेरिकन घाटाची घड्याळं जपानच्या सेइकोशानंही १८९२पासून बनवली. ती जपानी म्हणून घ्यावीत, त्यात कमीपणा काही नाही. नाव मात्र अँसोनियाचं लावू नये. अँसोनियानं १९२९ साली आपली यंत्रसामग्री सोव्हिएत रशियाला विकली. नावाला भाव आहे, म्हणून खोटी अँसोनिया अजून निघतात.

शेवटचा मुद्दा. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपात किल्लारीच्या बाजूची माळवदाची घरं कोसळली. घरांबरोबर कोनाडेही गेले आणि कोनाड्यांतल्या वस्तूही. उरलेल्या वाड्यांतल्या वस्तूंची नोंद करणं आपल्या हातात आहे. इथल्या कॉलेजांच्या इतिहास विभागांनी सुट्टीत मुलांना हे काम द्यावं. घड्याळाची उंची, लेबलवर उरलेला मजकूर, पत्र्यावरच्या तारखा, आणि ते घरात कुणी, कुठून, कशासाठी आणलं याची घरातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेली हकिकत. प्रत्येक घड्याळासाठी एक वहीचं पान पुरे.

व्याख्यान संपलं की काही जण मला घड्याळ दाखवायला येतील, हा नेहमीचा अनुभव आहे. जरूर या. विकायला नको, पुसून तर मुळीच आणू नका. धुळीसकट आणा, आणि बरोबर आजीला आणा.